हिंगणघाटची कापडगिरणी : जमीन, कपाशी व कागद

इतिहाससंशोधन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी व मोडी दप्तरांचे रुमाल उभे राहतात. किल्ला व देऊळ हीं इतिहासाचीं साधनें होत, याविषयीं कोणासही शंका नाहीं. परंतु धुराडें असलेली इमारतहि तसेंच एक साधन होऊं शकेल, हें आपल्या मंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. मीहि याला अपवाद नव्हतों. शाळेंत तीसांहून अधिक वर्षें संस्कृत शिकविण्यांत गेलीं. निवृत्तीनंतर वाकाटकांच्या एका दानपत्रांतील नदी प्रत्यक्ष पाहावी म्हणून वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाटास गेलों. बरोबर एक तरुण आप्त होता. नदी पाहून झाल्यावर गांवांतील जुन्या कापडगिरणीकडे बोट दाखवून त्यानें विचारिलें, “मास्तर, ही इंग्रजांची कीं आपली?” “इंग्रजांच्या काळची,” असें कांहींतरी मोघम उत्तर मीं दिलें. तें उत्तर चुकीचें नव्हतें; पण तें उत्तरच नव्हतें, हें मला घरीं परतल्यावर बोचूं लागलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर समजावें.

प्रथम स्थलनामाचा विचार करूं. हिंगणघाट हें नांव हिंगण व घाट या दोन शब्दांपासून सिद्ध झालें असावें. हिंगण किंवा हिंगणबेट म्हणजे संस्कृतांतील इंगुदी; जिच्या फळांचें तेल शाकुंतलांतील आश्रमकन्या हरिणाच्या जखमेवर लावते तोच हा कांटेरी वृक्ष. या फळाचा गर रेशीम व वस्त्र धुण्यास साबणासारखा उपयोगी पडतो, हें जुन्या गृहिणींस ठाऊक होतें. घाट म्हणजे येथें डोंगरवाट नव्हे, तर नदीचा उतार. तेव्हां वणा नदी उतरून जाण्याची, हिंगणांच्या झाडीची जागा, एवढाच या नांवाचा अर्थ. वस्त्राच्या व्यापारानें नांवारूपास आलेल्या गांवाचें नांव वस्त्र धुण्याच्या वृक्षावरून पडावें हा योगायोग गमतीचा असला, तरी त्यावर कोणताहि सिद्धांत उभारूं नये.

ज्या दानपत्रासाठीं मी गेलों तें जांब येथें सांपडलेलें द्वितीय प्रवरसेनाचें होय. राज्यवर्ष दुसरें, स्थळ नंदिवर्धन, दान दिलेलें गांव कोठुरक, तें सुप्रतिष्ठ नामक आहारांत. सीमांमध्यें उमा नदी व मंडुकिग्राम यांचा उल्लेख आहे. म. म. वा. वि. मिराशी यांनीं उमा म्हणजे आजची वणा व मंडुकिग्राम म्हणजे मांडगांव असें दाखवून दिलें, आणि त्यामुळें सुप्रतिष्ठ आहार हा हिंगणघाटच्या आसपासचाच मुलूख ठरतो. गिरणीच्या इतिहासांत ताम्रपट कशाला, असें वाचक विचारतील. कारण असें कीं, ही भूमि इंग्रजांनीं जंगलांतून शोधून काढिली व कपाशीस योग्य ठरविली, अशी एक समजूत जुन्या इंग्रजी अहवालांच्या वाचनानें नकळत बनते. इंग्रज येथें येण्यापूर्वीं सुमारें चौदाशें वर्षें या नदीकांठीं गांवें सीमांकित होतीं, त्यांस नांवें होतीं, आणि वाकाटकांच्या दानपत्रांत नेहमीं येणाऱ्या सवलतींवरून पाहतां, मीठ, कोळसा, चामडें, दूध व वेठ यांवर राजाचा हक्क कोणता हें ठरलेलें होतें. कपाशीचा उल्लेख मात्र त्या सवलतींत नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

तसेंच कौटिल्यानें उत्तम कापसाच्या वस्त्रांचे देश सांगितले आहेत. त्यांत मथुरा, अपरांत, कलिंग, काशी, वंग, वत्स व महिष यांचीं नांवें येतात, विदर्भाचें येत नाहीं. पाणिनीच्या गणपाठांत कर्पासी आहे, मनुस्मृतींत ब्राह्मणाचें यज्ञोपवीत कापसाचें सांगितलें आहे. परंतु यांवरून वऱ्हाड-वर्धेच्या कपाशीचें प्राचीनत्व सिद्ध होत नाहीं. आमच्यापैकीं कांहीं उत्साही लेखक तसें करूं पाहतात, म्हणून हा इशारा.

संस्कृत लेखांहूनहि जुना असा एक थर या भूमींत आहे. नागपूर व वर्धा या भागांत दगडांचीं वर्तुळें रचून केलेल्या पुरातन समाधि आढळतात. वर्धा जिल्ह्यांत खैरवाडा येथें त्या शेंकड्यांनीं आहेत. ह्याच लोकांच्या वसतीशीं संबद्ध अशी लोखंड गाळण्याची भट्टी नागपूर जिल्ह्यांत नाइकुंड येथें शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननांत मिळाली. तिचा काळ ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा मानितात. औद्योगिक वास्तु म्हणजे इंग्रजी अमदानींत आलेली वस्तु, असें समजणाऱ्यांनीं ही भट्टी लक्षांत ठेवावी.

या दगडी वर्तुळांचा संबंध आमच्या गिरणीशीं एका चमत्कारिक मार्गानें येतो. नागपूरजवळ जुनापाणी येथील वर्तुळें इ. स. १८६७ मध्यें ज्या इंग्रज अधिकाऱ्यानें उकरलीं, त्याचें नांव जॉन हेन्री रिव्हेट-कार्नक. त्यांतील वस्तु लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें गेल्या. दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांवर त्यानें लेख लिहिले, आणि हे खळगे म्हणजे एखादी लिपि तर नसेल, अशी कल्पनाहि लढविली. पुराणवस्तुसंग्राहकांत त्याचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें. परंतु त्याचा सरकारी हुद्दा होता मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा कापूस-कमिशनर. हिंगणघाटचें भवितव्य ज्यांच्या टांकानें लिहिलें गेलें त्यांत हा प्रमुख होय. एकच मनुष्य एका हातानें या देशाचे सर्वांत जुने अवशेष गोळा करीत होता व दुसऱ्या हातानें येथील हातमागाचें काय करावें याचा विचार करीत होता.

आतां मध्यंतरीच्या काळाबद्दल थोडक्यांत. हा प्रदेश देवगड व चांदा येथील गोंड राजांच्या सत्तेखालीं होता. देवगडच्या बख्त बुलंदानें अठराव्या शतकाच्या आरंभीं नागपूर वसविलें व बाहेरून शेतकरी व कारागीर आणून गांवें आबाद केलीं. त्या शतकाच्या मध्यास रघुजी भोसल्यांनीं सत्ता हातीं घेतली. तरी नागपुरास नामधारी गोंड राजा राहिलाच. अर्थात् शेतीची व विणकामाची घडी गोंडांच्या राज्यांत बसली, भोसल्यांच्या राज्यांत वाढली. हें सांगण्याचें कारण, ‘आपली’ हा शब्द उच्चारतांना आमच्या डोळ्यांसमोर मराठी राज्य येतें; गोंडांचें राज्य येत नाहीं. गोंड व कोलाम लोक या जिल्ह्यांत आजहि आहेत. इंग्रजी बंदोबस्तांत मालगुजारीचे हक्क कायम झाले तेव्हां ते ज्यांच्या पदरीं पडले त्यांत या लोकांचीं नांवें शोधावीं लागतात. पुढें कपाशी वेंचणाऱ्या, तण काढणाऱ्या व जीनमध्यें मजुरी करणाऱ्या हातांत मात्र हे हात पुष्कळ होते.

कपाशीपासून वस्त्र होईपर्यंतचें काम पूर्वीं कसें वांटलेलें होतें, तें नीट समजून घेतल्यावांचून गिरणीनें काय केलें हें कळणार नाहीं. शेतांतून आलेला कापूस घरच्या बायका रेच्यावर घालीत. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. पिंजारी धनुकलीनें रुई पिंजी. सूत कांतण्याचें काम घरोघरच्या, त्यांतहि मुख्यतः महार, कुणबी वगैरे घरांतल्या स्त्रियांचें. विणण्याचें काम दोन प्रकारचें: तलम व कांठाचें काम कोष्टी व साळी यांचें, आणि जाडेंभरडें, टिकाऊ, गोरगरिबांच्या अंगावरचें वस्त्र बरेंचसें महारांचें. यांतली लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं सरकी घरींच राही. ज्या शेताचा कापूस, त्याच शेताचें पुढल्या सालचें बीं. या साध्या गोष्टीचें महत्त्व पुढें येईल.

उरलेला कापूस बाहेर जाई, तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. वंजाऱ्यांचे तांडे या भागांतून मिर्झापुरापर्यंत जात व तेथून माल गंगेच्या नावांनीं खालीं उतरे. वाटेंत धूळ, पाऊस व चोरी यांनीं मालाची दुर्दशा होई. मुंबईकडे कापूस नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न वऱ्हाडांतून इ. स. १८२५-२६ सालीं विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीनें केला. पांचशें बैलांवर एक लक्ष वीस हजार पौंड कापूस गेला, असें वऱ्हाडच्या ग्याझेटियरांत नमूद आहे. हा व्यापार साहेबाच्या कल्पनेंतून निघाला नव्हता.

इ. स. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघुजी निपुत्रिक वारले व पुढच्या सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. डलहौसीनें आपल्या टिपणांत जीं कारणें दिलीं त्यांत येथील कपाशीचें कारणहि स्पष्ट आहे. दत्तकाच्या शास्त्रार्थावर आमच्या पंडितांनीं पानेंच्या पानें खर्चिलीं. पण गव्हर्नर जनरलाचें लक्ष मँचेस्टरकडे होतें. इ. स. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला, १८६२ मध्यें नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढला. जिल्ह्याचें ठाणें प्रथम पुलगांवजवळ कवठा येथें होतें, तें १८६६ सालीं पालकवाडी या खेड्याच्या जागीं नवें गांव आंखून तेथें नेलें. तेंच आजचें वर्धा. याच सुमारास अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत आपसांतील युद्ध चालू असल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि ‘हिंगणघाट’ हें नांव लिव्हरपूलच्या बाजारांत गांवाचें न राहतां मालाचें झालें. हिंदुस्थानच्या देशी कापसांत उत्तम धाग्याचा म्हणून ज्याची गणना होई, तो हा.

रिव्हेट-कार्नकचे अहवाल मीं वाचले. भाषा स्वच्छ, निरीक्षण सूक्ष्म, व हेतु कोठेंहि लपविलेला नाहीं. आगगाडी या प्रदेशांत आली कीं विलायती कापड येथल्या कापडापेक्षां स्वस्त विकलें जाईल. मग येथील कापूस येथें न खपतां बाहेर जाईल. आणि कांतणें-विणणें सोडून देणारे लोक शेतमजुरीस मोकळे होतील, हा त्याचा हिशेब आहे. हा हिशेब मांडतांना त्याच्या लेखणीस कंप सुटलेला दिसत नाहीं. त्याला मी दुष्ट म्हणणार नाहीं. ज्या दगडांखालीं कोण पुरलें हें जाणण्यासाठीं त्यानें उन्हातान्हांत खणती केली, त्या देशाविषयीं त्याला कुतूहल होतें यांत संशय नाहीं. पण मेलेल्यांविषयींचें कुतूहल व जिवंतांविषयींचा हिशेब हे त्याच्या ठिकाणीं दोन निराळे कप्पे होते. संग्राहकांच्या अंगीं हा दोष थोडाबहुत असतोच. माझ्याहि अंगीं तो नाहीं असें म्हणवत नाहीं.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे इ. स. १८६७ मध्यें वर्ध्यावरून नागपुरास पोंचली. वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींकडे जाणारा सरकारी फांटा १८७७ पर्यंत पुरा झाला. येथें एक यांत्रिक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कापूस हलका पण फुगीर. गाडीचा डबा वजनानें भरण्यापूर्वींच आकारानें भरतो. म्हणून तो स्टेशनाजवळच दाबून घट्ट गाठी बांधाव्या लागतात. दाबण्यापूर्वीं सरकी काढावी लागते. त्यामुळें रुळांच्या पाठोपाठ जीन व प्रेस आले, आणि घरोघरचा रेचा थांबला.

आतां मूळ वास्तूकडे येऊं. नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी इ. स. १८७७ च्या पहिल्या जानेवारीस सुरू झाली व तिनें दाखविलें कीं, समुद्रकिनाऱ्यापासून दूर, कपाशीच्या शेतांत गिरणी घातली तर ती चालते. तिच्या मागोमाग हिंगणघाटची गिरणी १८८१ सालीं निघाली. तिचे मालक रायबहादूर बन्सीलाल अबीरचंद ही पेढी. ही पेढी बिकानेरच्या डागा घराण्याची. कामठीस तिची मुख्य गादी, सावकारी व सरकारी खजिन्यांचे व्यवहार तिच्याकडे. नागपुरांतील कस्तुरचंद पार्क ज्यांच्या नांवें आहे ते सर कस्तुरचंद याच घराण्यांतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोहता घराण्याची दुसरी गिरणीहि हिंगणघाटास उभी राहिली. जिल्ह्यांत पुलगांव येथेंहि गिरणी निघाली. तिचा वृत्तांत स्वतंत्रपणें लिहिण्याजोगा आहे.

जागेची निवड पाहा. कापूस दाराशीं, वरोऱ्याचा कोळसा त्याच रुळावरून, पाण्यास वणा नदी, आणि सुतास गिऱ्हाईक आसपासच्या गांवचा कोष्टी व महार विणकर. हें शेवटचें कलम बहुतेक लेखक विसरतात. गिरणीनें हातमाग मारला, असें सरसकट लिहितात. तें अर्धेंच खरें आहे. त्या काळच्या देशी गिरण्या प्रथम मुख्यतः सूत काढीत. तें सूत कांहीं चीनकडे जाई व कांहीं येथल्याच मागांवर चढे. गिरणीनें प्रथम मारला तो चरखा, माग नव्हे. विणकर गिरणीच्या सुतावर जगत राहिला, पण त्याची घरधनीण बेकार झाली. सूत विकून मिळणारे जे चार पैसे केवळ तिचे होते, ते गेले. कौटिल्याच्या सूत्राध्यक्षाच्या प्रकरणांत विधवा, अपंग, वृद्ध अशा स्त्रियांस घरबसल्या सूत कांतण्यास देण्याची व्यवस्था सांगितली आहे. त्या व्यवस्थेचा जो कांहीं अवशेष खेड्यांत उरला होता, तो येथें संपला. याची नोंद कोणत्याहि गिरणीच्या ताळेबंदांत सांपडणार नाहीं.

मग ही गिरणी इंग्रजांची कीं आपली? भांडवल मारवाडी पेढीचें, कापूस वर्धेच्या खोऱ्यांतला, मजूर येथले, सूत पुष्कळसें येथेंच खपणारें. दुसऱ्या बाजूस, अशा गिरण्यांचीं यंत्रें लँकेशायरहून येत. गिरणीच्या नांवाच्या आरंभींच ‘रायबहादूर’ ही सरकारनें दिलेली पदवी. आणि कायदा लंडनच्या मर्जीनें हलणारा. मँचेस्टरच्या आग्रहानें विलायती कापडावरील जकात १८८२ सालीं उठविली. पुढें १८९४ सालीं तिजोरीच्या गरजेनें जकात पुन्हां बसवावी लागली, तेव्हां त्याच्या बरोबरीनें देशी गिरण्यांच्या मालावरहि कर बसविला. १८९६ पासून तो गिरणीच्या कापडावर शेंकडा साडेतीन होता. १९२५ च्या डिसेंबरांत तो स्थगित झाला व १९२६ मध्यें रद्द झाला. स्वतःच्या देशांत, स्वतःच्या कापसाचें, स्वतःच्या मजुरांनीं विणलेलें कापड परदेशी कापडाहून स्वस्त होऊं नये म्हणून त्यावर कर! अशा वास्तूस ‘इंग्रजांची’ म्हणणें हें डागा पेढीवर अन्याय करणारें, व ‘आपली’ म्हणून थांबणें हें त्या बायकांवर व विणकरांवर अन्याय करणारें होय.

सर्वांत गंभीर परिणाम मात्र बियाण्यावर झाला, आणि तो समजण्यास मला सर्वांत अधिक वेळ लागला. हिंगणघाटची म्हणून जी कपाशी प्रसिद्ध होती तिला ‘बनी’ म्हणत. लांब, मऊ धाग्याची, पण रुई थोडी देणारी: शंभर भार कापसांतून रुई सुमारें २५ ते २८ भार. तिच्या उलट जाडसर, आंखूड धाग्याच्या ज्या जाति होत्या त्या लवकर येत, अधिक पिकत, आणि शंभरांत रुई ३५ भारांहून अधिक देत. रेचा घरीं होता तोंवर बनीची सरकी बनीच्याच शेतांत परत जाई. जीन आल्यावर दहा गांवांचा कापूस एका ढिगांत पडला. सरकी एका ढिगांत निघाली. आणि पेरणीच्या वेळीं शेतकऱ्यानें तीच सरकी विकत नेली. त्या मिश्रणाला ‘जरी’ म्हणूं लागले. मिश्र पेरणींत जी जात जोमाची ती दरवर्षीं वाढते व नाजूक ती घटते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. त्यांत व्यापारी वजनावर भाव देई, धाग्यावर नव्हे. तेव्हां चांगली कपाशी पेरण्यांत लाभ राहिला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ देशी कपाशींच्या जाति तपासूं लागले, तोंपर्यंत बनी हटत चाललेली होती व जाडी, उत्पन्न देणारी जात, जिला पुढें ‘रोझियम’ या शास्त्रीय नांवानेंच शेतकरीहि ओळखूं लागले, ती पसरत होती.

म्हणजे ज्या धाग्याच्या कीर्तीमुळें आगगाडी, जीन, प्रेस व गिरणी येथें आलीं, तोच धागा त्यांच्यामुळें नाहींसा झाला. यांत कोणाचें कारस्थान नव्हतें. रिव्हेट-कार्नकलाहि हें नको होतें. त्यानें तर चांगल्या बियाण्याच्या प्रसारासाठीं खटपट केली. पण बियाण्याची शुद्धता ज्या बायकांच्या रेच्यावर अवलंबून होती, त्यांना मोकळें करण्याचा हिशेब मांडतांना हें कलम त्याच्या ध्यानांत आलें नाहीं.

मजुरांविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांस सूतखात्यांत काम मिळे, परंतु अधिक मजुरीच्या मागखात्यांत प्रवेश नसे. कारण धोट्याचा तुटलेला धागा तोंडानें ओढावा लागे व त्यांत विटाळ मानीत. हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनीं १९२८ च्या संपाच्या वेळीं पुढें मांडला. आमच्या या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालविलेला महार जर पोटासाठीं मुंबईस गेला, तर ज्या विद्येंत तो जन्मला तिच्याच दाराशीं त्याला अडविलें जाई. हा नियम इंग्रजानें केलेला नव्हता. ‘इंग्रजांची कीं आपली’ या प्रश्नांत आपल्या वांट्यास काय काय येतें, तें येथें दिसतें.

याच जिल्ह्यांत पुढें या साऱ्या व्यवहारास प्रत्युत्तर देणारी दुसरी वास्तु उभी राहिली. जमनालाल बजाज यांची बच्छराज पेढी वर्ध्याची, व्यवहार कापसाचा. त्यांनीं दिलेल्या बागेंत १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ आला; मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी म्हणूं लागले, व १९३८ च्या डिसेंबरांत गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें. चरखे, घाणी, हातकागद यांचें तें संग्रहालय. हिंगणघाटची गिरणी व वर्ध्याचें संग्रहालय यांमध्यें अंतर थोडें. पण एकाच कपाशीविषयींचीं तीं दोन परस्परविरुद्ध मतें विटांत बांधलेलीं आहेत, असें मला वाटतें. ज्यास एक पाहावयाचें त्यानें दुसरें पाहिल्याशिवाय परतूं नये.

स्वातंत्र्यानंतर देशांतील अनेक गिरण्या डबघाईस आल्या. १९७४ च्या कायद्यानें ज्या आजारी गिरण्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या त्यांत रायबहादूर बन्सीलाल अबीरचंद गिरणी ही एक होती. नवलाची गोष्ट अशी कीं, प्रजासत्ताकाच्या कायद्याच्या यादींतहि ती ‘रायबहादूर’ याच पदवीसह दाखल झाली.

आतां माझ्या खऱ्या कामाकडे वळतों. विटा व धुराडीं यांची काळजी घेणारे लोक हल्लीं निघूं लागले आहेत, व ते निघावेत. परंतु गिरण्या, जीन व अडती यांचे कागद कोणी गोळा करीत नाहीं. आपण संग्राहक पेशवाईचा चिठोरा दिसला तर हुरळून जातों, आणि १८८० ची कापसाची वही ‘अलीकडची’ म्हणून बाजूस सारतों. त्याचें फळ मीं डोळ्यांनीं पाहिलें. त्या भागांतील एका जुन्या अडतीच्या घरचे कागद रद्दीच्या दुकानीं तराजूंत चढले होते. मी पोंचलों तेव्हां बहुतेकांच्या पुड्या झाल्या होत्या. उरलेलें जें हातीं लागलें, तें आणलें.

या कागदांस वाचक मिळत नाहीं याचें एक कारण लिपि. मुख्य रकाने महाजनीत असतात, म्हणजे बिनकान्यामात्रांच्या मारवाडी लिपींत. समासांतील शेरे मोडींत. मोडी वाचणारा महाजनी वाचत नाहीं व महाजनी वाचणाऱ्यास मोडीशीं कर्तव्य नसतें. मला स्वतःला महाजनी अजून अडखळतच वाचतां येते. पण कोणत्या गांवचा कापूस कोणत्या ढिगांत पडला, सरकी कोणास विकली, वजन कोणत्या मापानें धरिलें, हें कळण्याचें दुसरें साधन नाहीं. बनी केव्हां व कोणत्या गांवांतून नाहींशी झाली, हें सरकारी अहवालांत प्रांतवार मिळतें; गांववार मिळालें तर अशाच वह्यांतून मिळेल.

मजजवळील वहीचें वर्णन असें. लांबट, आडवी घडी घातलेली. तांबड्या जाड कापडाचा पुठ्ठा, त्याच्या दोरीची गांठ तुटलेली. पानें एकेचाळीस उरलीं आहेत. आरंभीचीं व अखेरचीं गेलीं, त्यामुळें संवत्, मालकाचें नांव व गांव तिन्ही अज्ञात. यास्तव तिच्या आधारें मीं वरील लेखांत एकहि विधान केलेलें नाहीं व करूंहि नये. कागद हातचा, पिवळट. शाई काळी, पण मोडी शेरे तपकिरी शाईनें, दुसऱ्या हाताचे. कसरीनें उजवा खालचा कोंपरा सर्व पानांचा सारखाच अर्धवर्तुळाकार खाल्ला आहे. हीच खूण असलेलीं सुटीं पानें, विशेषतः गणपतीचें किंवा ‘श्री’चें आद्य पान, कोणा संग्राहकाच्या रुमालांत असल्यास त्यानें मंडळास कळवावें, खर्च माझा, व पान ज्याचें त्यास परत.